हरलेला डाव फेकून देऊ नका



बुद्धिबळाचा डाव हरल्यावर तुम्ही काय करता? बहुतेक जण मोहरी पुन्हा मांडतात आणि म्हणतात, "चल, आणखी एक!" मोबाइलवर खेळणाऱ्यांना तर मोहरी मांडण्याचेही कष्ट नाहीत, एक बटण दाबले की नवा प्रतिस्पर्धी समोर हजर. जे जरा चिकित्सक असतात ते दुसरे बटण दाबतात. मग संगणक क्षणार्धात साऱ्या डावाची तपासणी करून देतो : ही चाल उत्तम, ही बरी, ही घोडचूक. तांबड्या खुणा मोजायच्या, "अरेरे" म्हणायचे आणि मोबाइल खिशात टाकायचा.

या दोन्ही सवयींविरुद्ध मला थोडे बोलायचे आहे आणि एका तिसऱ्या सवयीची वकिली करायची आहे. जगभर असे असंख्य हौशी खेळाडू आहेत की, जे आपला संपूर्ण डाव, प्रत्येक महत्त्वाच्या चालीमागे मनात काय विचार होता त्या टिपणासह, इंटरनेटवर चारचौघांसमोर ठेवतात आणि विचारतात, "माझे नेमके कोठे चुकले?" यांत शाळकरी मुले आहेत, तसे निवृत्त आजोबाही आहेत. मी पदार्थविज्ञान शिकवतो, बुद्धिबळ शिकवत नाही. तरीही माझे स्पष्ट मत आहे की, विज्ञानाची रीत अंगी बाणवायला नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.

आधी नोंदीचा विचार करू. कालच्या क्रिकेटच्या सामन्यात अमुक झेल कसा सुटला हे दहा जणांना विचारा. दहा कथा ऐकायला मिळतील. बुद्धिबळाचे तसे नाही. पटाचे आठ उभे स्तंभ आणि आठ आडव्या ओळी. स्तंभांना ए ते एच ही अक्षरे आणि ओळींना १ ते ८ हे अंक दिले की चौसष्टही घरांना आपापले नाव मिळते. 'घोडा एफ३' एवढे लिहिले की पुरे. ती चाल शंभर वर्षांनंतर दुसऱ्या खंडातल्या माणसालाही जशीच्या तशी करून पाहता येते. तुम्ही भूमितीत आलेखकागदावर बिंदू मांडता तीच ही युक्ती. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ १९८१ पासून नोंदीची हीच एक पद्धत मानतो. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूने स्वतः चाली लिहाव्यात असा नियमच आहे. असा प्रयोग दुसरा कोणता आहे, की ज्याची नोंद पन्नास ओळींत पूर्ण होते आणि ज्याची पुनरावृत्ती कोणीही, कोठेही, एक पैसा न खर्चता करू शकतो?

मोबाइलवर ही नोंद आपोआप होते. कोणत्या चालीला किती सेकंद घेतले हेसुद्धा त्यात उमटते. मात्र एक गोष्ट त्यात कधीच उमटत नाही : तुम्ही ती चाल का केली? ती तुम्हालाच लिहावी लागते, आणि तीही लवकर, कारण दुसऱ्या दिवशी मन आपल्या सोयीची कारणे रचू लागते.

आता एक उदाहरण घेऊ. पट पुढ्यात घ्या आणि मोहरी खरोखर हलवा; नुसते वाचून उपयोग नाही. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे ई४ वर आणले, काळ्याने आपले ई५ वर. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचे प्यादे डी६. पांढऱ्याचा उंट सी४, काळ्याचा उंट जी४. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३, आणि काळ्याने चौथी चाल केली ती प्यादे जी६. आता पांढरा एफ३ वरचा घोडा उचलतो आणि ई५ वरचे प्यादे मारतो. वजीर उघडा पडला! काळा आनंदाने जी४ वरचा उंट थेट डी१ वर नेऊन वजीर मारतो. पांढऱ्याचा उंट एफ७ चे प्यादे मारून शह देतो, राजाला ई७ हे एकच घर उरते आणि सी३ वरचा घोडा डी५ वर येताच मात! अठराव्या शतकातील पॅरिसच्या लेगाल या खेळाडूच्या नावाने ही मात ओळखली जाते आणि आजही रोज कोणी ना कोणी तिला बळी पडत असतो.

समजा, काळी मोहरी तुमची होती. तुमची चूक कोणती? "वजीर मारला ही चूक" असे तुम्ही लिहाल. ठीक आहे. पण वजीर न मारता डी६ च्या प्याद्याने ई५ वरचा घोडा मारला असता तर? मग पांढऱ्याच्या वजिराने जी४ वरचा उंट मारला असता. घोडा देऊन उंट परत आणि वर एक प्यादे मोफत. म्हणजे पाचव्या चालीला डाव वाचत होता, पण नुकसान टळत नव्हते. तेव्हा मूळ दोष त्याच्याही मागे, चौथ्या चालीत आहे. जी६ ऐवजी बी८ वरचा घोडा सी६ वर आणला असता तर ई५ चे प्यादे मारणाऱ्या घोड्याला त्याच घोड्याने मारता आले असते, आणि ई५ वर आलेल्या या घोड्याने जी४ वरच्या उंटालाही आधार दिला असता. पांढऱ्याचा घोडा फुकट गेला असता.

आता खरी गंमत पाहा. काळ्याचा घोडा सी६ वर आहे, तरी पांढऱ्याने तोच बेत केला आणि काळ्याने लोभाने वजीर मारला, तर काय होईल? करून पाहा. मात होतेच! पांढरा जिंकतो. तो घरी जाऊन सांगेल, "मी वजीर देऊन मात केली." आणि तरीही त्याची चाल चुकीचीच होती, प्रतिस्पर्धी साथ देईल या भरवशावर ती उभी होती. म्हणून केवळ हरलेलेच काय, जिंकलेले डावही तपासावे लागतात. उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर होती असे ठरत नाही, हे गणिताचे शिक्षक तुम्हाला सांगतातच. प्रयोगशाळेत मात्र आम्ही अध्यापक याकडे फार काणाडोळा करतो. साध्या लंबकाचा प्रयोग चालू असतो आणि दहाही टेबलांवर गुरुत्वत्वरण ९·८१ येते! खऱ्या घड्याळाने आणि खऱ्या दोऱ्याने असे होत नसते. ज्याच्या वहीत ९·५ आले असेल आणि खाली "दोऱ्याची लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत मोजली नाही" असे लिहिलेले असेल, त्या मुलाला मी अधिक गुण देईन.

आपले काम लोकांसमोर तपासणीसाठी ठेवण्याची ही रीत बुद्धिबळात आग्रहाने मांडली ती मिखाईल बोट्विनिक या रशियन खेळाडूने. हा गृहस्थ व्यवसायाने विद्युत अभियंता होता. १९४८ मध्ये तो जगज्जेता झाला आणि मधली दोन वर्षे वगळता १९६३ पर्यंत त्याने ते पद राखले. त्याचे म्हणणे असे की, खेळाडूने आपल्या डावांचे विश्लेषण करावेच, पण ते छापावेही. म्हणजे इतरांना त्यातले दोष दाखवता येतात आणि स्वतःशी लबाडी करण्याची सोय राहत नाही. पुढे त्याच्या शाळेत कारपॉव्ह, कास्पारॉव्ह, क्राम्निक यांसारखी मुले आली. तेथे विद्यार्थ्यांना आपापले डाव आणून दाखवावे लागत. शास्त्रज्ञ आपला शोधनिबंध प्रसिद्ध करतो तो तरी कशासाठी? इतरांनी त्यावर तुटून पडावे म्हणूनच.

पण इतरांचे डोळे लागतातच कशाला? आपण बारकाईने पाहिले तर आपली चूक आपल्याला दिसणार नाही का? बऱ्याचदा नाही दिसत! मेरिम बिलालिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग फार बोलका आहे. त्यांनी चांगल्या खेळाडूंना एक मांडणी दिली. तिच्यात सर्वांना पाठ असलेल्या एका युक्तीने पाच चालींत मात होत होती आणि दुसऱ्या, कमी परिचित मार्गाने तीनच चालींत. ओळखीची युक्ती खेळाडूंना लगेच दिसली. "याहून चांगला मार्ग शोधा," असे सांगितल्यावर त्यांनी शोध चालूही ठेवला. निदान ते तसे म्हणत होते. पण डोळ्यांच्या हालचाली टिपणारे यंत्र काही वेगळेच सांगत होते : त्यांची नजर पुन्हापुन्हा पहिल्या युक्तीच्याच घरांवर जात होती. खोटे कोणी बोलत नव्हते. पहिली कल्पना मनात ठाण मांडून बसली की ती दुसरीला आत येऊ देत नाही, एवढेच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील मिशेल काउली आणि रूथ बर्न यांनी २००४ मध्ये दाखवले की, मुरलेले खेळाडू आपला बेत मोडणारी प्रतिस्पर्ध्याची चाल शोधत राहतात. नवशिके मात्र प्रतिस्पर्धी आपल्या सोयीचेच खेळेल असे धरून चालतात. आपला सिद्धान्त स्वतःच मोडून पाहणे ही वैज्ञानिकाची सवय, आणि ती पटावर शिकता येते!

यावर तुमच्यापैकी एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल, "सर, माणसे कशाला? संगणकाला विचारले की झाले." आक्षेप रास्त आहे. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्येच हिशेब मांडला होता : एका वेळी सरासरी तीस चाली शक्य, म्हणजे दोघांची एकेक चाल मिळून सुमारे हजार शक्यता, आणि डाव चाळीस चालींचा धरला तर एकावर १२० शून्ये इतके डाव! सगळे पाहणे कोणत्याच यंत्राला जमणार नाही. पण सगळे पाहण्याची गरजही पडली नाही. सेकंदाला सुमारे वीस कोटी मांडण्या तपासणाऱ्या 'डीप ब्लू'ने मे १९९७ मध्ये कास्पारॉव्हला सामन्यात हरवले आणि आज तुमच्या खिशातला मोबाइलही जगज्जेत्यापेक्षा चांगला खेळतो. तेव्हा संगणकाचे उत्तर चुकीचे असेल असे मी मुळीच म्हणत नाही.

पण तो सांगतो काय? 'उणे एक पूर्णांक सहा दशांश', म्हणजे तुम्ही साधारण दीड प्याद्याने मागे आहात. हा तापमापीचा पारा झाला. ताप १०२ आहे हे कळले. तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे पाऱ्याला विचारून काय उपयोग? वरच्या डावात जी६ या चालीवर संगणक तांबडी खूण करील. पण "तुझा घोडा घरीच बसून होता म्हणून उंटाला आधार नव्हता" हे वाक्य तुम्हाला किंवा तुमच्या मित्रालाच तयार करावे लागेल. ते स्वतः तयार केलेत की पुढच्या वेळी वेगळ्या मांडणीतही आठवेल. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, पहिला अर्धा तास यंत्र बंद ठेवा. स्वतःचे निदान लिहा, शक्य तर ज्याच्याकडून हरलात त्याच्याशीच बसून बोला, आणि मगच संगणकाकडे पडताळ्यासाठी जा. पडताळा हा शब्द महत्त्वाचा. आधी काही लिहिलेलेच नसेल तर पडताळणार काय? (डाव चालू असताना संगणकाला विचारणे ही तर शुद्ध चोरी होय, तिची चर्चाच नको.)

एका बाबतीत मात्र आजची पिढी खरोखर भाग्यवान आहे. पूर्वी चांगला विश्लेषक भेटायचा तर मोठ्या शहरातील एखाद्या मंडळात जावे लागे. आज 'लीचेस'सारखी सोय आहे. एका फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये ती सुरू केली. तिला शुल्क नाही, जाहिराती नाहीत, सारा कारभार देणग्यांवर चालतो. तेथे एकाच पटावर अनेक जण आपापल्या चाली आणि टिपणे जोडू शकतात. तेथे खेळले गेलेले मानांकित डाव दर महिन्याला सर्वांसाठी खुले केले जातात. कोणीही ते उतरवून घेऊन संशोधन करावे. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैमध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली. ते डावही तुम्हाला घरी पटावर मांडून पाहता येतात. जरूर पाहा, पण त्यामुळे स्वतःचे डाव बाजूला सारू नका. दिव्याच्या चुका तुम्हाला सापडणे कठीण. तुमच्या चुका तुम्हाला सापडण्याजोग्या आहेत.

या देवघेवीत खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. काही जण फक्त जिंकलेलेच डाव दाखवतात. त्यांना तपासणी नको असते, टाळ्या हव्या असतात. काही जण उत्तरादाखल संगणकाने दिलेली ओळ चिकटवतात आणि वर "एवढेही दिसले नाही?" असे विचारतात. अशांची उत्तरे खुशाल सोडून द्या. आणि तुम्ही स्वतः दुसऱ्याचा डाव पाहाल तेव्हा चालीला नावे ठेवा, माणसाला नको.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत कॅरम आणि बुद्धिबळाचे पट असतात, पण डावांची वही क्वचितच असते. दर महिन्याला प्रत्येक खेळाडूने हरलेला एक डाव, कारणांसह, अशा वहीत लिहावा आणि शनिवारी शेवटच्या तासाला त्यातला एखादा सर्वांसमोर मांडावा. खर्च एका वहीचा. स्पर्धेतल्या ढालींपेक्षा ती वही मला अधिक मोलाची वाटते.

आता पट पुन्हा मांडा. तोच डाव, पण चौथ्या चालीला काळ्याने जी६ किंवा घोडा सी६ न खेळता जी८ वरचा घोडा एफ६ वर आणला आहे. पांढऱ्याने तरीही ई५ वरचे प्यादे घोड्याने मारले. काळ्याने घोडा मारला तर काय, आणि लोभाने वजीर मारला तर काय? दोन्ही उत्तरे पेन्सिलीने, कारणांसह लिहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.