चालणाऱ्याची तालीम कुठली?

कोल्हापुरात प्रत्येकाच्या पाठीशी कुणी ना कुणी उभे असते. पेठेला तालीम आहे, रिक्षावाल्याला संघटना आहे, फेरीवाल्याला कृती समिती आहे, दुकानदाराला व्यापारी संघ आहे. महाद्वार रोडवरून ओटीचे ताट घेऊन निघालेल्या बाईला यांपैकी काहीच नाही. बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाच्या तिकटीकडे जाताना दुकानाबाहेर आलेला माल चुकवायचा, त्यापुढची हातगाडी चुकवायची आणि मागून हॉर्न देत घुसणारी दुचाकीही. रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचा विषय निघाला की निवेदने बाकी सगळ्यांची येतात. तिचे येत नाही. ती बहुधा इथली मतदारही नसते; दर्शन घेऊन संध्याकाळच्या एसटीने गावी जाते.

विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे पोकळ नाही. गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक राजारामपुरीकडे वळेल, ही दुकानदाराची धास्ती. रात्री आईला दवाखान्यात न्यायचे झाले तर रिक्षा आत येऊ देणार का, हा गल्लीतल्या रहिवाशाचा प्रश्न. आणि ‘पादचारी’ हा शब्द कानावर पडला की पहिली उचलली जाते ती आपलीच गाडी, हा फेरीवाल्याचा अनुभव. त्यात या शहराला रस्तेसुधारणेची कडू आठवण आहे. सुमारे ४९ किलोमीटर रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प झाला आणि त्यापाठोपाठ शहराच्या वेशीवर टोलनाके उभे राहिले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासोबत अख्खे शहर रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २०१५ अखेर टोल गेला. सुधारणा म्हटले की बिल कुणाच्या नावावर, हे कोल्हापूरकर आधी विचारतो. विचारावेच.

मात्र या संशयाचा सगळा भार चालणाऱ्याच्या डोक्यावर का? देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळपास पाचातला एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून निर्धोक चालणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. आपल्याकडे ‘पादचारी सुरक्षा’ म्हणून जे केले जाते ते पुष्कळदा गाड्यांच्याच सोयीचे असते. दुभाजकावर जाळी लावायची आणि समोरच्या थांब्यावर जायला माणसाला लांबचा वळसा घालायला लावायचा; मग त्याने जाळीवरून उडी मारली की शिस्त नसल्याची ओरड करायची. उंचवटा करून गाडीचा वेग मोडणारा झेब्रा पट्टा स्वस्त पडतो आणि चालणाऱ्याची वाट सरळ राहते.

फेरीवाल्यांचेही तसेच. २०१४ च्या कायद्याने सर्वेक्षण आणि प्रमाणपत्राशिवाय त्यांना हटवता येत नाही, आणि जागा ठरवायला फेरीवाला समिती आहे. तिचे काम नीट न करता अतिक्रमणाची गाडी फिरवली, की दोन दिवस रस्ता मोकळा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चालायची किमान १.८ मीटर वाट आधी आखावी, उरलेल्या जागेत गाड्या कुठे लागतील ते लेखी द्यावे, आणि दुकानाबाहेरच्या मालालाही तोच नियम लावावा. नुसत्या गरिबाच्या हातगाडीवर शौर्य गाजवू नये.

कोल्हापूरकराला थांबता येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. ६ मे २०२२ रोजी सकाळी दहाला, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीला, हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. दाभोळकर कॉर्नरला रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याहून बराच कमी वेळ लागतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत तर याच महाद्वार रोडवर गाडीला जागाच नसते आणि त्याची कुणी तक्रार करत नाही.

महापालिकेने एकदम कायमची बंदी जाहीर करू नये. नवरात्राआधीचे तीन महिने फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी महाद्वार रोड गाड्यांना बंद ठेवावा. रहिवाशांना पास द्यावेत, रुग्णाच्या रिक्षेला वाट द्यावी, माल सकाळीच उतरवून घ्यावा. माणसे किती आली हे महापालिकेने मोजावे, गल्ल्यात किती पडले हे दुकानदारांनी लिहावे. दोन्ही आकडे, अधिक निघोत वा उणे, महाद्वारासमोरच्या फलकावर दर आठवड्याला लावावेत. आणि पुढच्या बैठकीला निवेदन घेऊन येणाऱ्यांच्या शेजारी एक खुर्ची चालत येणाऱ्या माणसासाठीही ठेवावी.