टिळक आमचे, मग दिब्रिटो परके कसे?

2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा भोपाळात आमच्याच बैठकींतून 'दुसरा मराठी लेखक नव्हता काय?' असा प्रश्न निघाला. पिढ्यान्‌पिढ्या हिंदी मुलखात राहून मराठीपण सांगणारे आम्ही, वसईकराचे मराठीपण तपासतो! नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तरी ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो, हे त्यांनी लपविले नाही. ख्रिस्तभक्ती गाइली ती अभंगांत. पुढे 1917 मध्ये मिशनची चाकरीही सोडली. दोन्ही तटांना न रुचणारा हा संयम त्यांना श्रद्धेनेच दिला. आमच्या घरोघरी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आहेत, पाने सुटेपर्यंत वाचलेली. त्यांतली धर्मांतराची प्रकरणे आम्ही वगळून वाचली काय?