दुधातली दारू

क्रीम लिकर घरी कसं बनवायचं, असं गेल्या महिन्यात तीन नातेवाइकांनी विचारलं. (चौथ्याने बनवून झाल्यावर विचारलं, "हे फाटलं का रे?") तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

ही काही फार थोर विद्या नाही. १९७३ साली लंडनमध्ये डेव्हिड ग्लुकमन आणि त्यांच्या जोडीदाराने दुकानातून क्रीम आणलं, ते आयरिश व्हिस्कीत ओतलं, वर चॉकलेटची पावडर घातली. त्यातूनच पुढच्या वर्षी बेलीज बाजारात आलं. म्हणजे मूळ प्रयोग घरगुतीच! आपण मांजरीकर तर व्हिस्कीच्या मागे लागूच नये. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट हाकेच्या अंतरावर, ऊस आपला, मळी आपली. मग रमच घ्यावी. क्रीमशी आणि कॉफीशी तिचं जास्त जमतं, हे माझं ठाम मत.

अमूल क्रीमचं पाव लिटरचं पाकीट, मिल्कमेडचा अर्धा डबा, चमचाभर गरम पाण्यात विरघळवून गार केलेली कॉफी. हे ढवळत ढवळत दीडशे मिली रम बारीक धारेने सोडायची. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं. कारखान्यातलं क्रीम दाबाखाली एकजीव केलेलं असतं म्हणून ते टिकतं, आपलं टिकत नाही. आणि लिंबू, संत्रं, कोकम यांना लांब ठेवा. दुधात लिंबू पिळल्यावर काय होतं हे पनीर करणाऱ्या घरात सांगायला नको. चौथ्याचं तेच झालं होतं.

हे झालं कृतीचं. माझं खरं भांडण वेगळंच आहे. आमच्याकडे बाटली उघडली की पुरुषांना "पेग" आणि बायकांना "हे घ्या, गोड आहे, ही काही दारू नाही"! अहो, हिशोब करा की. बेलीजमध्ये १७ टक्के अल्कोहोल, आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८. पंचाहत्तर मिली बेलीज म्हणजे व्हिस्कीचा तीस मिलीचा एक पेग. वर दिलेलं घरचं मिश्रण अकरा-बारा टक्क्यांचं, म्हणजे स्ट्राँग बियरपेक्षाही कडक. काका चार घोटांत ओळखतात की चढतेय. काकूंना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि साखर तर काहीच कळू देत नाही. ज्याला प्यायचंय त्याने प्यावं, पण काय पितोय ते त्याला कळायला हवं की नको?

कोजागिरीला तर गंमतच. सोसायटीच्या गच्चीवर मसाला दुधाच्या पातेल्यात "थोडंसं" ओतू या, अशी टूम दरवर्षी निघते. गरम दुधात दारू उडून जाते म्हणे! नाही उडत, बरीचशी तिथेच राहते. त्याच पातेल्यातून पोरं दूध घेतात, मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आजोबा घेतात. महाराष्ट्रात अशा दारूसाठी वय पंचवीस लागतं, हा कायदा गच्चीवरही लागू आहे. तेव्हा जग वेगळा, झाकण वेगळं, आणि वर मोठ्या अक्षरात चिठ्ठी.

वहिनी, मोजायला खोकल्याच्या औषधाचं पंधरा मिलीचं टोपण चालेल, पाच टोपणं म्हणजे पंचाहत्तर. जायफळ मात्र चिमूटभरच घाला, नाहीतर झोपेचं श्रेय उगाच रमला जाईल.