नाव थोरल्यांचं, तालीम कुणाची?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. त्यांच्या नावाचा तमाशाचा फड अजून चालू आहे. दसऱ्याला नारळ फुटतो, तंबू, कनाती आणि जनरेटर ट्रकवर चढतात, आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला हंगाम आटोपून माणसं घरी परततात. फड चालवायला आता नातू उभा आहे. पोस्टरवर सर्वांत ठळक अक्षरं मात्र आजीच्या नावाची. पालम-गंगाखेडकडून माळेगावच्या खंडोबाला जाणाऱ्यांना यात नवं काही वाटत नाही. काळू-बाळू, तुकाराम खेडकर, भिका-भीमा सांगवीकर ही नावं इथल्या घरांत आजोबांपासून नातवापर्यंत ऐकलेली आहेत. ज्यांची ही नावं, त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत. तंबू मात्र अजून ठोकला जातो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मूळ माणसंच उरली नाहीत, मग ते नाव कशाला लावायचं? ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का? आक्षेप खोटा नाही, पण त्याचा नेम चुकलेला आहे.

तमाशाच्या इतिहासात एकाच माणसाचा, एकाच संचाचा असा फड फारसा झालाच नाही. विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील आणि चुलत्यांच्या काळात तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' म्हणून गाजला. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई त्याच फडाच्या बोर्डावर वाढल्या. म्हणजे ज्या नावाला आपण आज 'मूळ' समजतो, ते स्वतःच तिसऱ्या पिढीचं होतं. सांगलीजवळच्या कवलापूरचंही तसंच. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ 'काळू-बाळू' होण्याआधी त्या घरचा फड 'शिवा-संभा कवलापूरकर' या नावानं, म्हणजे त्यांच्या चुलत्याच्या आणि वडिलांच्या नावानं चालत होता. नाव बदललं, घर तेच राहिलं. एका पिढीनं दुसरीला नुसतं नाव दिलं नाही; गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग अशी सगळी रात्र हातात दिली.

फडाची पाटी नीट वाचली तर हे हस्तांतर चारचौघांत कसं होतं ते दिसतं. तुकाराम खेडकर हयात होते तेव्हा पाटीवर त्यांचं नाव आधी आणि 'सह' म्हणून कांताबाई सातारकरांचं. खेडकर १९६४ साली गेले. कांताबाईंनी पुढे स्वतःचा फड उभा केला, मुलाला सोंगाड्या म्हणून घडवलं, आणि काही वर्षांनी पाटी झाली 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर'. मुलगा पुढे आला, आई 'सह' झाली. ज्या बाईनं पुरुषांच्या भूमिका तेवढ्याच ताकदीनं गाजवल्या, तिनं आपलं नाव दुसऱ्या जागी आनंदानं घेतलं. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांची पाटी 'सह नितीनकुमार बनसोडे' अशी आहे. तिथं आई पुढे, मुलगा मागून येतोय. कोण उतरणीला लागलंय, कोण चढतंय, आज बोर्डावर प्रत्यक्ष कोण उभं राहणार, हे तिकीट काढण्याआधी रस्त्यावरच्या माणसाला कळतं. इतका प्रामाणिक जाहिरातीचा रिवाज मला दुसऱ्या कुठल्या करमणुकीत दिसलेला नाही.

तिकडे अमेरिकेत रॉक अँड रोलच्या जुन्या बँडांचं काय झालं ते पाहिलं की या रिवाजाची किंमत कळते. 'द ड्रिफ्टर्स' हा गायकांचा संच १९५३ साली क्लाइड मॅकफॅटरनं उभा केला. पुढे नावाची मालकी जॉर्ज ट्रेडवेल या व्यवस्थापकाकडे गेली, आणि १९५८ साली त्यानं अख्ख्या संचाला कामावरून काढून टाकलं. 'फाइव्ह क्राउन्स' नावाची दुसरीच मंडळी आणून तेच नाव त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांतलाच बेन ई. किंग पुढे मोठा गायक झाला, म्हणून ती गोष्ट लोक गोडीनं सांगतात. पण त्या दिवशी घरी बसलेल्या गायकांच्या हाती काय उरलं? त्यानंतर त्या काळातल्या बँडांची नावं विकली गेली, भाड्यानं दिली गेली. एकाच नावाचे दोन-दोन संच एकाच वेळी फिरू लागले. शेवटी या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या अनेक राज्यांना कायदे करावे लागले: जुनं नाव लावायचं तर संचात निदान एक मूळ सदस्य हवा, किंवा नावाचा कायदेशीर हक्क हवा, नाहीतर हा नुसता आदरांजलीचा कार्यक्रम आहे असं स्पष्ट लिहायला हवं.

याच्या उलट 'लिनर्ड स्किनर्ड'चं उदाहरण. २० ऑक्टोबर १९७७ रोजी विमान कोसळून त्यांचा गायक रॉनी व्हॅन झँट गेला. बँड बंद पडला. दहा वर्षांनी वाचलेले लोक एकत्र आले आणि गायला उभा राहिला रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी. संस्थापकांपैकी शेवटचा, गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन, मार्च २०२३ मध्ये गेला. मूळचा एकही उरला नाही, तरी बँड फिरतोच आहे. तिकडच्या संगीतप्रेमींत यावरून बराच वाद झाला. आपल्याकडच्या फडमालकाला तो वाद समजणारही नाही. थोरल्याच्या जागी धाकट्यानं उभं राहायचं नाही तर कुणी?

फडातही मालक असतो, हे मान्य करायला हवं. कलावंत हंगामाआधी त्याच्याकडून उचल घेतात, ती फेडेपर्यंत बांधले जातात, आणि या उचलीनं कित्येकांची आयुष्यं पिळून काढली आहेत. ते झाकण्यात अर्थ नाही. तरी ट्रेडवेल आणि फडमालक यांत एक मोठा फरक राहतोच. इथला मालक सहसा स्वतः तोंडाला रंग लावतो. पाऊस आला, तंबू पडला, गल्ला बुडाला, तर त्याचीही रात्र उपाशीच जाते.

मला महत्त्वाची वाटते ती तालीम. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. त्यांत तंबू ठोकणारे आहेत, ट्रकवाले आहेत, भाकरी थापणाऱ्या बाया आहेत आणि त्यांची पोरंही. ते पोरगं रोज रात्री विंगेत बसून तोच वग पाहतं. हलगी शेकायला जाळ करून देतं. सुरत्यांच्या मागं उभं राहून झील धरतं. कुणी आजारी पडलं की शिपायाच्या नाहीतर दासीच्या कामाला उभं राहतं. चार-सहा हंगाम गेले की त्याला अख्खा वग पाठ असतो, तोही एकट्याच्या कामाचा नाही, सगळ्यांच्या कामाचा. वगाची संहिता बहुतेक वेळा कागदावर नसतेच. सरदारानं शब्द टाकायचा आणि सोंगाड्यानं तो हवेतच झेलून उलटवायचा, हे सवाल-जवाब त्या रात्री त्या गावासाठी नव्यानं घडतात. ही विद्या अशीच मांडीला मांडी लावून मिळते. ती ज्याला मिळाली, तो विठाबाईंचा नातू असो की त्या फडातल्या आचाऱ्याचा मुलगा, त्याला ते नाव लावायचा पूर्ण हक्क आहे. ज्याला ती मिळाली नाही, त्याचं आडनाव नारायणगावकर असलं तरी उपयोग नाही.

काही गोष्टी तालमीनंही परत येत नाहीत. काळू-बाळू जुळे होते. 'जहरी प्याला' या वगात हवालदारांच्या वेशात दोघं शेजारी उभे राहिले की हा कुठला आणि तो कुठला, यातच लोक हसून बेजार होत. काळू २०११ साली गेले. पुढच्या पिढीनं नाव चालवलं, वगही उभा केला. पण एका चेहऱ्याची दोन माणसं कुठून आणणार? तिथं मी जुन्या प्रेक्षकांच्या बाजूनं आहे. त्या जोडीचं काम त्यांच्याबरोबर संपलं, आणि ते संपलं असं म्हणण्यात नव्या पोरांचा अपमान नाही. विठाबाईंच्या बाळंतपणाची ती गोष्ट, बोर्डामागं मूल झालं आणि त्या पुन्हा नाचायला आल्या ही, सगळेच सांगतात. मला त्याहून त्यांचा खुला, पहाडी आवाज मोठा वाटतो. त्याचीही नक्कल होत नाही.

परभणी जिल्ह्यात या प्रश्नाकडे पाहायची आपली एक जुनी रीत आहे. राजारामबापू कदमांनी परभणीचा गोंधळ महाराष्ट्रभर पोहोचवला. पण लग्नानंतर घरी गोंधळ घालायचा तर आपण अमुकच गोंधळी हवा असं म्हणतो का? आपल्या घराचे गोंधळी येतात. गेल्या खेपेला बाप आला होता, या खेपेला मुलगा येतो. संबळ तेच, दिवटी तीच, कथा लावायची पद्धत तीच. जनाबाईंच्या गंगाखेडातून पंढरीला जाणाऱ्या दिंडीतल्या विणेकऱ्यालाही मूळ विणेकरी कुठं गेला असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे परंपरा माणसापेक्षा लांब असते हे आपण धरूनच चालतो. मग तमाशालाच तेवढा जाब का? त्याचं उत्तर जातीत आणि बाईकडे पाहण्याच्या नजरेत आहे. १९४८ साली खेर सरकारनं मुंबई प्रांतात तमाशावर बंदी घातली, ती याच नजरेतून. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं, तो हुकूम इथं लागू नव्हता. पण ती नजर सीमेवर थांबली नाही.

खरं नुकसान वेगळ्याच वाटेनं झालं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. नियम चुकीचा म्हणता येणार नाही, आजारी माणसाला झोप हवी. पण पूर्वी वग उभा राहायचा तोच मध्यरात्रीच्या सुमाराला आणि पहाटे संपायचा. वेळ आखडली तेव्हा कात्री लागली ती वगाला. सिनेमाची गाणी राहिली, कारण शिट्ट्या त्यांनाच पडतात. मग मोबाइल आला, ऑर्केस्ट्रा आला. त्यात २५ मार्च २०२० आला. त्या दिवशी गुढीपाडवा होता. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या देतात, तो हा सण. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो हंगाम गेला, पुढचाही गेला, आणि २५ मे २०२१ रोजी कांताबाई सातारकरही संगमनेरात कोरोनानं गेल्या. त्या दोन वर्षांत उपाशी मरण्यापेक्षा मजुरीला गेलेले ढोलकीवाले आणि सोंगाडे सगळेच परतले नाहीत. तालमीची साखळी तिथं तुटली. पाटीवरचं नाव मात्र त्यानंतरही तसंच राहिलं.

म्हणून फसवणूक कुठं होते हे नीट ओळखलं पाहिजे. विठाबाईंचं नाव लावून त्यांच्या तालमीतली पोरगी नाचली, तर ती फसवणूक नव्हे. विठाबाईंचं नाव लावून तीन तास ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच झाला आणि वग आलाच नाही, तर ती फसवणूक आहे, मग बोर्डावर सख्खी नात का असेना. आणि या फसवणुकीत फडमालक एकटा नाही. सुपारी देताना 'गाणी किती' एवढंच विचारणारी गावं त्यात भागीदार आहेत.

राज्य सरकार २००६ पासून विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. कांताबाई आणि मंगलाताई त्याच्या मानकरी आहेत. पुरस्कार हवाच, पण तो म्हातारपणी मिळतो, आणि तालीम विशीत लागते. फडातल्या पोरांना हंगामाबाहेरच्या महिन्यांत जुन्या कलावंतांजवळ शिकता यावं म्हणून पगार द्या. हयात असलेल्या सोंगाड्यांकडून वग अख्खेच्या अख्खे ध्वनिचित्रमुद्रित करून घ्या. फार मोठा खर्च नाही. आणि आपल्या जिल्ह्यातल्या जत्रा कमिट्यांना, उरूस कमिट्यांना एवढीच विनंती आहे: येत्या हंगामात फडाला सुपारी द्याल तेव्हा मूळ माणसं आहेत का हे विचारत बसू नका. वग कोणता आणणार, किती वेळ करणार, हे विचारा, करारात लिहून घ्या, आणि तेवढा वेळ त्यांना संध्याकाळी लवकर सुरू करून द्या.