रात्रपाळीला सिस्टर किती, हे आधी विचारा

वाईकर मंडळींनो, घरातलं माणूस दवाखान्यात ठेवायची वेळ आली की काउंटरवर आपण काय काय विचारतो? मोठे डॉक्टर कधी येतील, डिपॉझिट किती, महात्मा फुले योजना चालते का, स्पेशल रूम रिकामी आहे का. रात्री वॉर्डात सिस्टर किती असतात आणि त्यातल्या नोंदणी झालेल्या किती, हे मात्र कोणी विचारत नाही. माझी विनंती आहे की यापुढे ते विचारा. खासगी दवाखान्यात विचारा, ट्रस्टच्या विचारा, सरकारी असेल तर हक्कानं विचारा.

डॉक्टर राउंडला येतात, औषधं लिहून जातात. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र पेशंट सिस्टरच्या नजरेखाली असतो. रात्री दोनचं इंजेक्शन, संपत आलेली सलाईन, लघवी किती झाली याची नोंद ही तिची कामं. श्वास वाढलाय, बोलण्यात फरक पडलाय, हे आधी तिच्या लक्षात येतं आणि डॉक्टरांना झोपेतून उठवायचं की नाही हेही तीच ठरवते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथे एका नर्सकडे चार ते आठ रुग्ण होते. आपल्याकडे आठ रुग्ण असणारी सिस्टर स्वतःला नशीबवान समजेल.

आता थोडा हिशेब. दवाखाना म्हणतो, ‘आमच्याकडे पाच सिस्टर आहेत.’ ऐकायला बरं वाटतं. पण आठवड्याच्या पाळ्या होतात एकवीस आणि एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे वॉर्डात चोवीस तास एकच सिस्टर उभी ठेवायची तरी साडेतीन माणसं लागली. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, सणवार धरा. साडेचार-पाचवर आकडा जातो. तेव्हा पाच सिस्टर याचा अर्थ रात्री वॉर्डात एक. तीच लेबर रूममध्ये अडकली तर वॉर्डात कोणीच नाही. म्हणून एकूण किती हे विचारून उपयोग नाही. आत्ता, या पाळीला, किती खाटांमागे किती, असं विचारा. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक असा आहे आणि रजेसाठी वर तीस टक्के माणसं धरायची आहेत.

वाईला तर नुसत्या खाटा मोजून भागतच नाही. खंबाटकीच्या वळणावर गाडी उलटली की जखमी इकडे येतात. कारखान्याचा हंगाम लागला की उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात, शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटातले पर्यटक. आणि पौषात मांढरदेवीची, म्हणजे काळूबाईची, यात्रा. २५ जानेवारी २००५ ला काळूबाईच्या डोंगरावर चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. ज्यांनी तो दिवस वाईत काढलाय त्यांना तालुक्याच्या गावचा दवाखाना किती लहान असतो हे कोणी सांगायला नको. त्यानंतर रस्ते, पायऱ्या, पोलीस बंदोबस्त यांवर भरपूर बोलणं झालं. वॉर्डात उभ्या राहणाऱ्या माणसांचा हिशेब त्या बोलण्यात कधी आला नाही.

सिस्टर मिळत नाहीत, असं दवाखानेवाले सांगतात. अर्धं खरं आहे. मुली शिकत नाहीत असं मुळीच नाही. पाचगणीला बेल-एअरचं नर्सिंग कॉलेज आहे, कऱ्हाडला कृष्णाचं आहे, सांगली-मिरजेला आहेत. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी करून मुली-मुलगे दरसाल बाहेर पडतात. मग जातात कुठे? पुण्याला, मुंबईला, आखातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१६ मध्ये आदेश दिल्यावर नेमलेल्या केंद्राच्या समितीनं सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना किमान वीस हजार मिळावेत. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने याच गटातले. ती शिफारस होऊन इतकी वर्षं झाली, वीस हजारांची किंमत केव्हाच घसरली, तरी याहून कमी पगारावर राबणाऱ्या मुली तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. रिकाम्या जागी बारावी झालेली एखादी मुलगी कोट घालून उभी केली जाते. बघून बघून ती सलाईन लावायला शिकते. तिच्यावर चिडू नका. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली सिस्टर या पाळीला कोण आहे, असं मालकाला विचारा.

सरकारी बाजूला वेगळं दुखणं आहे. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा पुष्कळांना वाटलं की पगारवाढीसाठीच असणार. मुख्य विरोध ठेकेदारामार्फत भरती करायला होता. ठेक्यावर किंवा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आलेली सिस्टर पुढच्या वर्षी असेल की नाही याचा भरवसा नाही. तिच्या हाताखाली नवी मुलगी शिकणार कशी? आणि वॉर्डातल्या चुकीबद्दल ती वर बोलणार कशी?

खरी मेख इथेच आहे. माणसं कमी आहेतच, पण आहेत त्यांच्या शब्दाला वजनही नाही. इन-चार्ज सिस्टर म्हणजे सरकारी भाषेत परिसेविका. ड्यूटीचं वेळापत्रक तिनं लावायचं, औषधांची मागणी तिनं करायची, चादरी मोजायच्या, डेड स्टॉकचं रजिस्टर सांभाळायचं, हरवलेल्या वस्तूचा जाब द्यायचा, नातेवाइकांची बोलणी खायची. पण एक माणूस वाढवून द्या म्हणायचा किंवा आता नवा पेशंट घेऊ नका असं सांगायचा अधिकार तिच्याकडे नाही. तिच्या वर सहायक अधिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन. या जागांवर बढती ज्येष्ठतेनं मिळते आणि पुष्कळदा निवृत्ती दिसायला लागल्यावर मिळते. स्वतंत्र परिचर्या संचालनालय हवं ही मागणी जुनी आहे. मला विचाराल तर ती रास्त आहे, पण त्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. आपल्या गावातल्या दवाखान्याच्या आठवड्याच्या बैठकीत मेट्रनला खुर्ची द्यायला कोणाच्या जीआरची गरज लागत नाही.

अधिकार नसला तरी जबाबदारी मात्र तिच्यावरच येते. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. पोलिसांनी अटक केली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. त्यांनी काय केलं, काय नाही केलं, ते न्यायालयानं बघायचं. पण छतात पाण्याचे फवारे बसवायचे की नाही हे वॉर्डातली सिस्टर ठरवत नाही, एवढं कळायला कायदा शिकावा लागत नाही.

म्हणून दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना आणि ट्रस्टींनाही थोडं सांगते. महिन्याचं वेळापत्रक आदल्या महिन्यात लावा. उद्याची नाईट आज संध्याकाळी कळली तर बावधनहून येणाऱ्या मुलीनं घरचं काय करायचं? दुपारपाळी रात्री नऊला सुटते तेव्हा भुईंजकडे जाणाऱ्या मुलीच्या गाडीची सोय बघा. आतून कडी लागेल अशी एक खोली द्या. पाळी बदलताना पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हर, द्यायला-घ्यायला पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, त्या वेळात तिला बिलिंगला पाठवू नका. आणि रात्री तिनं फोन केला तर ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ हे वाक्य तोंडातून काढू नका. एकदा ऐकलं की पुढच्या वेळी ती अर्धा तास थांबते.

आपल्या घरांबद्दलही बोलायला हवं. आपल्या भागात हा पेशा आणला मिशनच्या दवाखान्यांनी. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं, वाईत अमेरिकन मराठी मिशननं दवाखाना काढला. सुरुवातीच्या नर्स पुष्कळशा ख्रिस्ती घरांतल्या, कारण परक्याचं अंग पुसणं बाकीच्यांना विटाळाचं वाटत होतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या लेकीनं, रमाबाई रानडेंनी, पुण्याच्या सेवासदनातून विधवांना नर्सिंगकडे वळवलं तेव्हा किती बोलणी खाल्ली असतील! विटाळ गेला, पण बायोडेटावर ‘स्टाफ नर्स’ वाचल्यावर पहिला प्रश्न अजून तोच असतो: नाईट करावी लागते का? सरकारी असेल तर चालतं, मग नाईटचंही काही वाटत नाही! सून रात्रपाळी करून आली तर सकाळचा स्वयंपाक तिच्याकडे नको, एवढं सासूबाईंनी ठरवलं तरी आपल्या तालुक्यातल्या दोन-चार सिस्टर नोकरीत टिकतील.

वॉर्डात गेल्यावर नातेवाइकांपैकी एकानंच विचारपूस करावी आणि त्यानंच बाकीच्यांना सांगावं. आठ जणांनी आठदा विचारलं की तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी पेशंटचा जातो. अंगावर धावून जाणं तर सोडूनच द्या. २०१० च्या राज्याच्या कायद्यानं डॉक्टरइतकंच नर्सलाही संरक्षण आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार असेल तर जरूर करा, पण लेखी करा आणि पाळीला किती सिस्टर होत्या हे त्यात लिहा. म्हणजे ती तक्रार योग्य टेबलावर जाईल.

सरकारी दवाखान्यासाठी एक सोपा उपाय आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती आणि कधीपासून, कायम किती, कंत्राटी किती, मागच्या महिन्यात दर पाळीला प्रत्यक्ष किती हजर होत्या, एवढंच मागा. कोणाही कर्मचाऱ्याचं नाव मागू नका, त्याची गरज नाही. आलेलं उत्तर रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना द्या, ग्रामसभेत वाचा, मतं मागायला येणाऱ्यांच्या हातात ठेवा. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. नाही आलं तर पहिलं अपील, त्यात आणखी तीस ते पंचेचाळीस दिवस जातात. मांढरदेवीच्या यात्रेआधी आकडे हातात हवे असतील तर अर्ज दसऱ्याच्या सुमारासच टाका.