गावाची सही नसलेली बाटली आम्हाला मान्य नाही



आपल्या गायरानावरच्या वस्तीच्या हापशाचं पाणी ‘पिण्यायोग्य’ आहे, असा कागद आला आहे. आम्ही तो मानत नाही. का मानत नाही ते नीट ऐका. असाच कागद उद्या तुमच्याही वस्तीत येईल.

साहेब आले, गाडी चालूच ठेवली. हापसा चार वेळा मारला, कोल्ड्रिंकची रिकामी बाटली भरली आणि डिकीत टाकली. कुणाला बोलावलं नाही, कुणाची सही घेतली नाही. बाया म्हणाल्या, साहेब, पाण्याला वास येतो, वरती तवंग येतो. साहेब गाडीत बसले.

बोअरमध्ये उभं राहिलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे. त्यातली उडणारी रसायनं उडून गेलेली असतात, काही धातू तळाला बसलेले असतात. म्हणून रीत अशी, की उभ्या पाण्याच्या तिप्पट पाणी आधी उपसून टाकायचं. उपसताना तापमान, पीएच, क्षार मोजत राहायचं. आकडे स्थिर झाले की मग नमुना घ्यायचा. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे 18 लिटर पाणी असतं. 30 मीटर पाणी असेल तर 540 लिटर, तिप्पट म्हणजे 1600 च्या वर. हापशावर हे दोन तासांचं काम. साहेबांनी ते दोन मिनिटांत उरकलं!

बाटलीचंही तसंच. धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली आणि त्यात नायट्रिक ॲसिड. सॉल्व्हंटसाठी काचेची, काठोकाठ भरलेली, आत बुडबुडा नको. जंतूंसाठी निर्जंतुक केलेली. सगळ्या बर्फाच्या पेटीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखरेशिवाय काय सापडणार?

शिवाय आपला दगड काळा. पाणी भेगाभेगांतून पळतं. एक बोअर नासतो, शेजारचा चांगला राहतो. एका हापशावरून अख्खी वस्ती पास कशी होते? कंपनीच्या वरच्या अंगाची विहीर आणि खालच्या अंगाची विहीर, दोन्ही तपासा. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा.

ही काही आमच्या मनातली भीती नाही. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक परिसरांना गुण दिले. 70 च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. औरंगाबादला 77.44 मिळाले. शहराचं नाव बदललं, जमिनीखालचं पाणी बदललं का?

आता कायदा बघा. 1974 च्या पाणी कायद्यात जमिनीखालचं पाणीही येतं. कलम 21 म्हणतं, सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्या, त्याच्यासमोर दोन भाग करा, सील करा, दोघांच्या सह्या घ्या. तसं केलं नाही तर तो अहवाल कोर्टात पुरावा धरत नाहीत. म्हणजे ज्याच्यावर आरोप, त्याला सहीचा मान. जो पाणी पितो तो कुठंच नाही! जमिनीची मोजणी असली की लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मग पाण्याच्या मोजणीला आम्ही लगतचे नाही का?

आणखी एक डाव ओळखून ठेवा. आज ‘पाणी चांगलं’ म्हणून कंपनीला सोडतील. उद्या पाणी खराब निघालं, तर ‘इथं राहणं धोक्याचं, वस्ती हलवा’ म्हणून आपल्यालाच नोटीस देतील. पाणी नासवणारा जागेवर, अन् पिणारा अतिक्रमणवाला! हे चालू देणार नाही. घाण काढा, माणसं काढू नका.

आमच्या मागण्या :
1. नमुना घेण्याआधी वस्तीला लेखी कळवा. बाया हजर पाहिजेत.
2. किती उपसलं, किती वाजता, कोणती बाटली, याचा जागेवर पंचनामा करा.
3. सील केलेला तिसरा भाग वस्तीला द्या.
4. अहवाल मराठीत गावात वाचून दाखवा.
5. तोवर टँकरचं पाणी द्या.

ऐकलं नाही तर कलम 49 आहे. 60 दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक कोर्टात जाऊ शकतो. नोटिशीचा मसुदा तयार आहे, अंगठे आणि सह्या गोळा करायला लागा. आणि प्रत्येक वस्तीने आजपासून एक वही ठेवा : तारीख, पाण्याचा रंग, वास, कोण आजारी पडलं. साहेबाच्या बाटलीपेक्षा आपली वही खरी बोलेल.

जमीन आमची, जमिनीखालचं पाणीही आमचं!