मीटर आवाज मोजतो, दणका कोण मोजणार?

मित्रांनो, जरा स्पष्ट लिहितो. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

रात्री साडेदहाला गल्लीतून गाडी जाते. गाणं ऐकूच येत नाही, नुसती तावदानं थरथरतात. म्हातारी माणसं दचकून उठतात. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "मीटर तर एवढं काही दाखवत नाही."

कसं दाखवेल? ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. पण मोजणी 'ए' पद्धतीची. त्यात 50 हर्ट्झच्या बेसमधून तब्बल 30 डेसिबल वजा होतात! म्हणजे 85 चा दणका मीटरवर 55 दिसतो, दिवसा चक्क कायद्यात बसतो. आणि डिकीतली बेसची पेटी नेमकी याच पट्ट्यात वाजते. असला आवाज भिंतीलाही जुमानत नाही.

पेटी बनवणाऱ्या पोरांवर राग नाही. किती लिटरची पेटी, केवढा पोर्ट, सांधे हवाबंद करणं, हे कसबाचं काम आहे. गाडीत बसून बेताने ऐका ना, कोण अडवतंय? पण अख्ख्या गावाला ऐकवायची हौस कशाला?

आणि साहेबांनो, 'सी' पद्धतीची मोजणीही नियमात आणा. तिच्यात बेस जवळजवळ पुरा धरला जातो. मग तोच मीटर मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनाही लावा, मिरवणूक कुणाचीही असो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, तिथं तावदानं तरी हलत नाहीत!